‘योजनेत बसत नाही’ याच्या पुढचं वाक्य

प्रति,
राज्याच्या आरोग्य योजनेत कोणते उपचार घ्यायचे आणि कोणते वगळायचे हे ठरवणाऱ्या समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डायलिसिस विभागातली परिचारिका, आता निवृत्त. सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात माझी बावीस वर्षं गेली. आपल्याला मी कधी पाहिलेलं नाही. आपण केलेली यादी मात्र रोज पाहिली, म्हणजे ती माणसांच्या चेहऱ्यावर कशी उमटते ते पाहिलं.

आमच्याकडे पेशंट आणला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘काय झालंय?’ हा नसतो. ‘योजनेत बसतंय का?’ हा असतो. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, रेशन कार्ड बघतो, आधार बघतो, डॉक्टरांच्या कागदावरचा आजार आणि संगणकातलं पॅकेज (योजनेने ठरवलेला उपचार आणि त्याचा दर) जुळतं का ते बघतो. ‘बसतंय’ म्हटलं की खांद्यावरची पिशवी खाली ठेवली जाते. ‘बसत नाही’ म्हटलं की पिशवी तशीच खांद्यावर राहते आणि माणूस उभ्या उभ्या फोन लावायला लागतो. आधी मेव्हण्याला, मग सोसायटीच्या सचिवाला, मग सोनाराला. पिशवी खाली ठेवली की नाही एवढं लांबून बघितलं तरी मला कळायचं की काय उत्तर मिळालंय.

सगळंच मोफत द्या, असं म्हणायला मी बसलेली नाही. पैसा मोजका आहे आणि कुणीतरी, कुठेतरी ‘नाही’ म्हणणारच, हे वॉर्डात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी स्वतः ‘नाही’ म्हटलेलं आहे. तेच आधी सांगते.

आमच्याकडे तेव्हा सहा मशिनं होती. एका पावसाळ्यात संध्याकाळच्या पाळीला त्यातलं एक बंद पडलं. इंजिनिअर दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. पेशंट सहा, मशिनं पाच. डॉक्टर आणि मी तातडीचे रिपोर्ट घेऊन बसलो. रक्तातलं पोटॅशियम किती (जितकं जास्त तितका जिवाला धोका), दम लागतोय का, मागच्या वेळेपासून वजन किती वाढलंय, म्हणजे अंगात पाणी किती साठलंय. एकाचं पोटॅशियम ६.८ होतं, त्याला थांबवणं शक्यच नव्हतं. एका मावशींना झोपलं की धाप लागत होती. असं करत करत यादीत सगळ्यात शेवटी आला तो आटपाडीकडचा एक गडी. पोटॅशियम ५.१, वजन जेमतेम सव्वा किलो वाढलेलं. पाणी तांब्याने नाही, वाटीने मोजून प्यायचा तो. मी त्याला रिपोर्ट दाखवले आणि म्हटलं, दादा, आज तुम्ही थांबा, उद्या दुपारी घेऊ.

तो म्हणाला, “म्हंजे पथ्य पाळलं म्हणून माझा नंबर गेला व्हय, शिस्टर?”

याला काय उत्तर द्यायचं? खरं होतं ते. मग त्यानेच पुढचं काढलं. “हे शहरातलं भाऊ हायती, त्यांचं ५.४. त्यांचं घर हितं कोपऱ्यावर. रातच्याला जीव घाबरला तर धा मिंटात येत्याल. मला आता गाडी न्हाई. सकाळची पयली गाडी धरून मी इथं कधी पोचायचो?” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. ५.१ आणि ५.४ मधला फरक फार नव्हता, पण पन्नास-साठ किलोमीटर आणि कोपरा यांतला होता. शहरातल्या भाऊंशी बोललो, ते कुरकुरत तयार झाले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पाळीत घेतलं आणि आटपाडीच्या गड्याला त्या रात्रीच मशिनवर लावलं.

आमचा पहिला निर्णय चुकीच्या भावनेने घेतलेला नव्हता. आकड्यांवरच घेतला होता. तरी त्यात एक गोष्ट सुटली होती, आणि ती सापडली ती केवळ आम्ही त्याला कारण सांगितलं म्हणून. नुसतं ‘आज तुमचं होणार नाही’ म्हटलं असतं तर तो बिचारा बाकावर रात्र काढून गेला असता, आणि आम्हाला आपण बरोबरच केलं असं वाटत राहिलं असतं.

हे मला आपल्या यादीविषयी म्हणायचं आहे. ‘योजनेत बसत नाही’ या वाक्यापुढे दुसरं वाक्य नसतं. का बसत नाही? महाग आहे म्हणून? उपयोग सिद्ध झालेला नाही म्हणून? तज्ज्ञ डॉक्टर कमी आहेत म्हणून? की हा आजार कुणी आपल्यासमोर मांडलाच नाही म्हणून? आरोग्यमित्राला विचारलं तर तो म्हणतो, मॅडम, सिस्टीमच घेत नाही. त्याचं तरी काय चुकलं? त्यालाही कुणी सांगितलेलं नाही.

जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने योजना वाढवण्याचा निर्णय घेतला तेव्हाची बातमी मी कापून ठेवली आहे. राज्याच्या महात्मा फुले योजनेत ९९६ उपचार होते, केंद्राच्या योजनेत १२०९. त्यातले १८१ काढायचे, नवे ३२८ घालायचे आणि दोन्हींना मिळून १३५६ ची एकच यादी करायची असं ठरलं. चांगलं झालं. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, तेव्हा तर आमच्या विभागात पेढे वाटले होते एकाने. (डायलिसिसच्या पेशंटने वाटलेला पेढा खाताना काय वाटतं ते सांगता येत नाही. तो स्वतः अर्धाच खातो.) पण त्या १८१ उपचारांपुढे कारण म्हणून दोनच शब्द होते : ‘मागणी नसलेले’.

मागणी नसलेले म्हणजे काय? वांगी आहेत का ती, बाजारात उठाव नाही म्हणून पुढच्या हंगामात लावायची नाहीत? उपचाराला मागणी दोन-तीन कारणांनी नसते. एक, तो आजारच आता होत नाही किंवा ती पद्धत जुनी झाली. मग काढा, कुणाची हरकत नाही. दोन, आजार दुर्मीळ आहे, वर्षातून राज्यभरात चार माणसांना होतो. त्या चौघांना तो पूर्णच होतो, पाव टक्का होत नाही. आणि तिसरं कारण मी डोळ्यांनी बघितलंय : पॅकेजचा दर इतका कमी असतो की रुग्णालय तो उपचार योजनेत करतच नाही. पेशंटला गोड बोलून पुढच्या गावाला पाठवतात. पुढचं गाव त्याच्या पुढच्या. शेवटी माणूस जमिनीचा तुकडा विकून बाहेर करून घेतो, आणि संगणकात त्या उपचारासमोर शून्य दिसतं. आपण ते शून्य पाहता आणि म्हणता, मागणी नाही. १८१ पैकी कितींच्या बाबतीत पहिलं कारण होतं आणि कितींच्या बाबतीत तिसरं? मला सांगता येणार नाही. आपल्याला यायला हवं.

२०२५ मध्ये यादी आणखी वाढवून २३९९ वर नेण्याचा निर्णय झाला. यकृत, हृदय, फुप्फुसाचं प्रत्यारोपण त्यात आलं. आनंदच आहे. पण दर वेळी बातमीचा मथळा आकड्याचा असतो, जणू उपचारांची संख्या म्हणजे धरणातली पाण्याची पातळी. ९९६ वरून १३५६, तिथून २३९९. यादीत आलेल्या उपचाराचं दार प्रत्यक्षात किती जणांना उघडलं, हा आकडा मथळ्यात येत नाही.

आता दोन खाटांची गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून राज्याची योजना आणि केंद्राची आयुष्मान योजना एकत्र चालू झाली. एकत्र म्हणायचं ते नावापुरतं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेत ज्या कुटुंबांची नावं ठरावीक निकषांत बसली त्यांना वर्षाला पाच लाख आणि १२०९ उपचार. बाकीच्या पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना दीड लाख आणि ९९६. आमच्याकडे शेजारशेजारच्या खाटांवर एकाच गावचे दोघे असायचे. एकाचं नाव त्या यादीत होतं. दुसऱ्याकडे २०११ मध्ये पत्र्याऐवजी स्लॅब होता की काय, कोण जाणे, त्याचं नव्हतं. दहा वर्षांत स्लॅबवाल्याचा मुलगा अपघातात गेला होता आणि पत्रेवाल्याचा पोलिसात लागला होता. संगणकाला २०११ च माहीत.

डायलिसिस दोघांनाही बसत होतं, म्हणून भांडण झालं नाही. पण हिशेब बघा. आठवड्याला दोनदा म्हणजे वर्षाला शंभरावर वेळा. दीड लाखाला एकशे चारने भागलं तर एका वेळेला साडेचौदाशेसुद्धा येत नाहीत. आणि तो दीड लाख एकट्याचा नाही, अख्ख्या कुटुंबाचा. घरात दुसरं कुणी पडलं तर त्यातूनच जायचे. स्लॅबवाल्याच्या बायकोला पित्ताशयात खडे होते. तिने ते सांगितलेच नाहीत वर्षभर. पोटाला फडकं बांधून त्याच्याबरोबर यायची, मला शेवटी कळलं. जुलै २०२४ पासून सगळ्यांना पाच लाख लागू झाले, हा भेद मिटला, त्याबद्दल आपले आभार मानायला हवेत आणि मी मानते. पण मधली चार वर्षं ती दोन कुटुंबं एकाच आजारात दोन मापांनी का मोजली गेली, हे त्या बाईला कुणीही कधीही समजावलं नाही.

गंमत म्हणजे त्याआधीचा भेद लोकांनी समजून घेतला होता. राजीव गांधी जीवनदायी योजना, म्हणजे महात्मा फुले योजनेचंच आधीचं रूप, जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं, सांगली नव्हतं. आटपाडीचे लोक विचारायचे, शिवेपलीकडे सांगोल्याला मिळतंय, मग आम्ही काय पाप केलंय? आम्ही सांगायचो, आधी आठ जिल्ह्यांत करून बघतायत, मग सगळीकडे येणार आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. वाट बघायला लावली, तरी कारण होतं आणि ते खिडकीवरच्या माणसाला सांगता येत होतं. राग तेव्हाही होता, पण ‘आपल्याला फसवलं’ असं कुणी म्हणत नव्हतं.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की आमच्या या मशिनाचा इतिहासच मुळात याच प्रश्नाने सुरू होतो. अमेरिकेत सिॲटल शहरात १९६२ च्या सुमाराला मशिनं अगदी थोडी होती आणि किडनी गेलेली माणसं पुष्कळ. मग सात जणांची एक समिती नेमली. वकील, धर्मगुरू, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. त्यांची नावं गुप्त. समोर आलेल्या माणसांपैकी कोण जगणार ते त्यांनी ठरवायचं. लेखी कसोटी त्यांना कुणी दिलेली नव्हती, म्हणून आपोआप त्यांच्या मनातल्या कसोट्या लागल्या : लग्न झालंय का, मुलं किती, कमाई काय, शिक्षण किती, चर्चला जातो का. एका मासिकात हे छापून आलं तेव्हा लोक हादरले. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, तिथल्या सरकारने किडनीच्या जवळपास सगळ्याच पेशंटांचा खर्च उचलायचा कायदा केला. ते सात जण वाईट होते असं मला नाही वाटत. आपल्यासारखीच, माझ्यासारखीच माणसं. पण दार बंद करून ठरवायला बसलं की ‘आपल्यासारखा’ माणूस आधी दिसतो, याला कुणाचा इलाज नाही.

म्हणजे मग नुसता हिशेब करावा का? अमेरिकेतल्याच ऑरेगॉन राज्याने तेही करून पाहिलं. खर्च आणि फायदा यांच्या गणिताने उपचारांची क्रमवारी लावली, तर १९९० च्या पहिल्या मसुद्यात दाताला टोपी बसवणं हे अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर आलं! दात स्वस्त, त्यामुळे रुपयामागे फायदा जास्त. लोक हसले, यादी मागे घेऊन नव्याने केली. माझ्या मते त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मसुदा लोकांसमोर ठेवला होता म्हणून तर हसता आलं.

मला जास्त जवळचं वाटलं ते थायलंडचं. त्यांनी २००२ मध्ये सगळ्या नागरिकांसाठी आरोग्य योजना आणली तेव्हा डायलिसिस तिच्यात नव्हतं. त्यांच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर नेहमीच्या मापाने डायलिसिस परवडत नाही असंच निघालं. तरी २००८ मध्ये त्यांनी ते घेतलं, आणि का घेतलं ते उघड होतं : घरात एकाची किडनी गेली की सगळं घर कर्जात बुडतंय, आणि सरकारी नोकरांना जे मिळतं ते शेतकऱ्याला मिळत नाही. सोबत अटही होती. खेड्यापाड्यातल्या माणसाला मशिनपर्यंत दर वेळी कोण आणणार, म्हणून आधी पोटाचं डायलिसिस, जे घरी करता येतं. ही अट पुढे पेशंटांना जाचक वाटायला लागली, तेव्हा २०२२ मध्ये ती सैल करून निवड त्यांच्यावर सोपवली. निर्णयाला कारण जोडलेलं असलं की कारण बदललं की निर्णयही बदलता येतो.

आपल्याकडेही २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली उपचारांचा खर्च आणि उपयोग तपासणारी यंत्रणा आहे. तिचा अभ्यास आपल्या कोणत्या निर्णयामागे होता आणि कुठे आपण तो बाजूला ठेवलात, हे यादीशेजारी एका ओळीत लिहिता येईल. बाजूला ठेवण्यातही चूक नाही. थायलंडने ठेवलाच.

अजून एक बोलायचं राहिलं, आणि ते मला सगळ्यात जास्त डाचतं. योजना मुख्यतः दाखल झालेल्या माणसाची आहे. किडनी निकामी व्हायची सगळ्यात मोठी कारणं दोन, साखर आणि रक्तदाब. ती वर्षानुवर्षं रोजच्या गोळ्यांनी आवरायची असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, साखरेची मेटफॉर्मिन मिळतात. पण गोळी संपलेली असली, किंवा डॉक्टरांनी तिथे नसलेली दुसरी लिहिली, की चिठ्ठी बाहेरची. बाई पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरवते, एक दिवसाआड. मी विचारलं, की म्हणायची, बरं वाटतंय की मला. सहा-सात वर्षांनी तीच बाई माझ्याकडे यायची, आणि आता मात्र सगळं मोफत. चार तास, आठवड्यातून दोनदा, मरेपर्यंत. किडनी होती तोवर तिच्यासाठी महिन्याला दोनशे रुपये निघाले नाहीत, गेल्यावर लाख निघाले. यादीच्या कुठल्याही पानावर हा अन्याय दिसत नाही, कारण यादी सुरूच होते ती खाटेपासून.

यावर आपण म्हणाल, ते आमच्या अखत्यारीत नाही. असेलही. पण मग तसं लिहून द्या : बाह्यरुग्णाची औषधं आम्ही विचारात घेतली नाहीत, कारण अमुक. निदान कुणाला विचारायचं ते तरी कळेल.

मी नवा कायदा मागत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ आहेच. लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना त्यामागची वस्तुस्थिती कुणी अर्ज न करता प्रसिद्ध करायची आणि निर्णयाची झळ ज्याला लागते त्याला कारणं द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. हा अधिकार केंद्राच्याही आधी, २००२ मध्ये, कायद्यात आणणारं आपलं राज्य आहे. तेव्हा प्रत्येक उपचारासमोर एक रकाना वाढवा, ‘कारण’ नावाचा. मराठीत, आरोग्यमित्राला वाचून दाखवता येईल असा. उपचार काढायचा असेल तर आधी महिनाभर तसं जाहीर करा आणि ज्यांच्यावर तो उपचार चालू आहे त्यांचं म्हणणं ऐका. समितीत डॉक्टर आणि अधिकारी असतीलच. डायलिसिसवरचा एखादा पेशंट, गावातली एखादी आशा ताई बसवा. ती लोकं बैठकीला उशिरा येतील, एसटीचं कारण सांगतील. ते कारणही ऐकून घ्या, उपयोगाचं असतं. आणि ‘बसत नाही’ म्हटलेल्या माणसाला दाद मागायची असेल तर ती आजाराच्या वेगाने ऐकली जाऊ दे, फाइलच्या वेगाने नको. ज्याचं पोटॅशियम ६.८ आहे त्याला पंधरा दिवसांनी सुनावणीची तारीख देऊन काय करायचं?

त्या १८१ उपचारांची यादी कारणांसकट कधी निघाली तर मला कळवा. आटपाडीचा गडी अजून आहे, डायलिसिसवरच आहे. दर संक्रांतीला फोन करतो, यादी वाढल्याची बातमी त्यानेही वाचली आहे. मागच्या फोनला विचारत होता, “शिस्टर, त्यातलं काढलं काय काय, आन् कशापायी?” मी म्हटलं, विचारून सांगते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सांगली जिल्हा